पिवळ्याखालचा निळा

पिवळ्या रंगाचे चार हात देऊन झाले, तरी भिंत हिरवीच दिसत होती. रात्री दिव्याच्या उजेडात ती बऱ्यापैकी पिवळी वाटायची, त्यामुळे मी समाधानाने झोपायला जात असे. आणि सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आले की कैरीच्या सालीसारखी हिरवट झाक भिंतीवर पुन्हा हजर असे. प्रत्येक वेळी वाटायचे की अजून एक हात दिला की झाले. त्या ‘अजून एक हाता’पायी माझी दिवाळीच्या सुट्टीतली पहिली चार दिवसांची मेहनत आणि चार लिटर रंग गेला.

नागपुरात नंदनवन भागात आमचे दुमजली घर आहे. वरची खोली मुलाची. तो दहावीत असताना त्याने हट्टाने पश्चिमेची भिंत गडद निळी करून घेतली होती. त्यावर चुन्याचे ठिपके मारून आकाशगंगाही काढली होती, ती पुढे धूळ झटकता झटकता पुसली गेली. आता तो नोकरीनिमित्त पुण्याला असतो आणि त्या खोलीत माझ्या सासूबाई राहायला यायच्या होत्या. त्यांना ती निळी भिंत डोळ्यांसमोर नको होती. “खोलीत दिवसाही संध्याकाळ वाटते,” असे त्या म्हणाल्या, आणि भिंत हळदीसारखी पिवळी, तर भिंतीतला कोनाडा देव ठेवण्यासाठी कुंकवासारखा लाल करायचे ठरले. बाकीच्या घराचे काम नेहमीच्या रंगाऱ्यांकडे दिले होते. ही एक भिंत मात्र मी स्वतः करणार, असे मीच जाहीर करून बसले होते. बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच, म्हणजे १२० चौरस फूट, त्यात काय अवघड आहे, असा माझा हिशेब होता.

त्या हिशेबाच्या मुळाशी एक साधी समजूत होती: रंग जितका जोरकस, तितका तो खालचे जास्त झाकणार. फिका रंग खालचे दाखवेल, भडक रंग दाखवणार नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, आणि तरीही ही समजूत तपासून पाहावी असे मला एकदाही वाटले नाही, हे इथे कबूल केलेले बरे.

दुकानात शेडकार्डवरून रंग निवडला तेव्हाच एक खूण समोर होती, ती मी पाहिली आणि सोडून दिली. दुकानदाराने यंत्राखाली ठेवण्यासाठी डबा उघडला, तेव्हा आतला बेस, म्हणजे यंत्र ज्यात रंग मिसळते तो मूळ रंग, पांढराशुभ्र नव्हता. ताकाच्या निवळीसारखा, दुधट पण विरळ दिसत होता. शिवाय डबा काठोकाठ भरलेलाही नव्हता. मी विचारल्यावर तो म्हणाला की गडद शेडचा बेस असाच येतो, वरून रंग जास्त पडतो म्हणून जागा ठेवलेली असते. यंत्राने वरून पिवळ्याच्या दोन-तीन धारा सोडल्या, डबा घुसळला गेला आणि झाकणाला लागलेला थेंब इतका तेजस्वी पिवळा दिसला की मी पुढे काही विचारलेच नाही. “दोन हातांत काम होऊन जाईल,” असे त्याने सांगितले. पांढऱ्या भिंतीवर कदाचित झालेही असते. भिंत निळी आहे हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

पहिला हात दिला तेव्हा मी खूशच झाले. रोलर जिथून जाई तिथली निळाई जवळजवळ नाहीशी होई. मग चहा घेऊन अर्ध्या तासाने वर आले, तर भिंत बदललेली होती. ओली असताना झाकलेली निळाई रंग वाळता वाळता वर आली होती. याचे कारण आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलेले आहे. फेविकॉल बाटलीतून येतो तेव्हा पांढरा असतो आणि वाळल्यावर काचेसारखा पारदर्शक होतो. प्लास्टिक पेंटमधला बाइंडर, म्हणजे रंगाचे कण भिंतीला धरून ठेवणारा चिकट भाग, तोही त्याच जातीचा असतो: पाण्यात तरंगणारे त्याचे सूक्ष्म थेंब उजेड विखुरतात म्हणून तो दुधाळ दिसतो, आणि पाणी उडून थेंब एकमेकांत मिसळले की तो दुधाळपणा संपतो. ओल्या रंगाने जे झाकले होते, त्यातला काही भाग रंगाने नव्हे, तर या दुधाळपणाने झाकला होता. म्हणून ओल्या भिंतीवर विश्वास ठेवून ‘झाले’ म्हणू नये. मी मात्र तीन वेळा म्हटले.

त्यात मी रंगात पाणीही सढळ हाताने घातले होते. नागपूरचा ऑक्टोबर म्हणजे थंडीच्या आधीचा दुसरा उन्हाळा. पश्चिमेची भिंत दुपारी बाहेरून तापते आणि आतून रंग लावता लावता वाळतो. रोलर ओढायला जड जाऊ लागला की मी डब्यात अर्धा ग्लास पाणी ओतत असे. त्यामुळे रोलर हलका फिरे, पण भिंतीवर बसणारा थर आणखी पातळ होई. वाळलेल्या रंगाचा एका हाताचा थर असाही केसाच्या जाडीपेक्षा कमी असतो; त्यातही मी काटछाट करत होते.

पाचव्या दिवशी सकाळी रंगारीभाऊ खालच्या दारांना पॉलिश करायला आले. त्यांना वर बोलावून भिंत दाखवली. ते आधी भिंतीसमोर उभे राहिलेच नाहीत. खिडकीच्या बाजूला जाऊन, गाल जवळजवळ भिंतीला टेकवून, त्यांनी भिंतीच्या लांबीने तिरपी नजर टाकली. मग नखाने एक कोपरा खरवडला, बोट पाहिले आणि विचारले,

“मॅडम, अस्तर कोणतं दिलं?”

“अस्तर नाही दिलं. रंगच चार हात दिला.”

“हा शेड दबवणारा नाही न. तुम्ही कितीही हात मारा, निळा वर येऊनच राहते. आधी निळ्याला मारावं लागते, मग पिवळा द्यावा लागते.”

‘दबणे’ हा त्यांचा शब्द. खालचा रंग दबला की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. आणि कोणता रंग दबवतो व कोणता दबवत नाही याची एक पूर्ण यादी त्यांच्या डोक्यात होती. गेरूचा लाल दबवतो, कुंकवाचा लाल दबवत नाही. मातकट पिवळा दबवतो, लिंबू पिवळा अजिबात नाही. काळा एका हातात दबवतो. करडा दबवतो. जांभळा, किरमिजी, चटक केशरी यांच्या भानगडीत अस्तराशिवाय पडू नये. तीस वर्षांच्या हातातून आलेली ही यादी ऐकताना माझ्या लक्षात आले की हे सगळे मी अकरावी-बारावीच्या वर्गात वेगळ्या भाषेत शिकवलेले आहे, आणि ते वर्गातच ठेवून घरी आले आहे.

रंग खालचे दोनच मार्गांनी झाकू शकतो: येणारा उजेड गिळून, किंवा तो खालच्या थरापर्यंत पोहोचण्याआधीच विखरून परत पाठवून. काळा रंग गिळून झाकतो. काजळीचे कण जवळपास सगळाच उजेड शोषतात, म्हणून त्याचा पातळ थरही पुरतो. पांढरा रंग परतवून झाकतो. त्यासाठी रंगातले कण आणि त्यांच्या भोवतीचा बाइंडर यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे पदार्थ उजेडाला किती वळवतो ते सांगणाऱ्या आकड्यात, मोठा फरक असावा लागतो. आजच्या पांढऱ्या रंगात वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड सुमारे २.७ इतक्या अपवर्तनांकाचे असते आणि बाइंडर सुमारे १.५ चा, या दरीमुळे उजेड प्रत्येक कणावर वळतो, विखुरतो आणि बाहेर फेकला जातो. खडूच्या भुकटीचा अपवर्तनांक १.६ च्या आसपास, म्हणजे बाइंडरच्या जवळ, म्हणून प्लास्टिक पेंटमध्ये नुसती खडूची भुकटी घातली तर ती फारसे काही झाकत नाही.

मग चुना कसा झाकतो, असे कुणीही विचारेल. माझ्या माहेरी दर दिवाळीला चुन्याचा हात असे, आणि लहानपणी मला वाटे की काकांनी भिंतीला नुसते पाणीच लावले आहे; कारण ओला चुना लावलेली भिंत आधीपेक्षा मळकट दिसे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरीफेक होई. ओलेपणी कणांच्या मध्ये पाणी असते, त्याचा अपवर्तनांक १.३३, वाळल्यावर त्या जागी हवा येते, तिचा १. फरक वाढतो, आणि चुना झाकू लागतो. म्हणजे चुना वाळल्यावर झाकतो आणि प्लास्टिक पेंट वाळल्यावर थोडे उघडे पाडतो. घरातल्या जुन्या माणसांचा रंगाबद्दलचा अंदाज अनेकदा चुकतो तो इथेच: त्यांना वाटते की वाळू द्या, मग उजळेल.

आता पिवळ्याकडे. चटक पिवळ्यासाठी वापरली जाणारी सेंद्रिय रंगद्रव्ये दिसायला तेजस्वी असतात, पण त्यांचा अपवर्तनांक बाइंडरच्या बराच जवळ असतो, म्हणून ती उजेड विखरण्यात कमी पडतात. गिळण्याच्या बाबतीत पिवळा तर आणखीच कंजूष आहे. तो फक्त निळा उजेड गिळतो, तांबडा आणि हिरवा सोडून देतो. म्हणजे काळा गिळून झाकतो, पांढरा परतवून झाकतो, आणि चटक पिवळा दोन्हींपैकी एकही काम धडपणे करत नाही. माझ्या भिंतीवर नेमके काय चालले होते ते यातून उलगडले. पिवळ्या थरातून तांबडा आणि हिरवा उजेड आत जाई. खालची निळी भिंत त्यातला तांबडा खाऊन टाकी. उरलेला हिरवा परत पिवळ्यातून बाहेर येई. कैरीची साल तिथून आली होती.

तो ताकाच्या निवळीसारखा बेसही आता कळला. बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असेल तर वरून कितीही पिवळा घातला तरी शेड फिका, दुधी पिवळाच होणार. चटक शेड हवा असेल तर पांढरे कमी करावे लागते, आणि पांढरे कमी केले की झाकण्याची ताकद जाते. दुकानातून आपण जितका भडक शेड आणतो तितके त्यातले झाकणारे द्रव्य कमी असते. माझी समजूत नुसती अपुरी नव्हती, पूर्ण उलटी होती.

हे ऐकल्यावर भाऊ म्हणाले, “पहिलेचा पिवळा एका हातात दबवत होता, मॅडम. ट्रकचा, गेटचा पिवळा. आता तसा येत नाही.” त्यांची आठवण खरी आहे, आणि तसा येत नाही हे चांगले आहे. तो पिवळा बहुधा लेड क्रोमेटचा असे. झाकण्यात पटाईत, पण शिशाचा. घरगुती रंगांतल्या शिशाबाबत आपल्याकडे २०१६ साली नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा लागू झाली. जुन्या पिवळ्या-केशरी ऑइल पेंटची ग्रिल किंवा दार कुणी घासत असेल, तर ते कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे आणि लहान मुलांना त्या धुळीपासून लांब ठेवावे, एवढे या निमित्ताने सांगून ठेवते. भाऊ स्वतः नाकाला रुमालही बांधत नाहीत. त्यावर आमचा वाद झाला, तो अजून सुटलेला नाही.

त्या दिवशी भिंतीला हात लावण्याआधी मी एक प्रयोग केला. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेतला, त्यावर मुलाच्या उरलेल्या निळ्या रंगाचा पट्टा ओढला आणि तो वाळल्यावर त्याचे आडवे चार भाग केले. पहिला भाग तसाच ठेवला, दुसऱ्यावर पांढरा प्रायमर, म्हणजे अस्तराचा रंग, दिला, तिसऱ्यावर प्रायमर आणि त्यावर फिका पिवळा, चौथ्यावर प्रायमर न देता थेट फिका पिवळा. मग चारही भागांवर माझ्या चटक पिवळ्याचे दोन हात दिले. रंगाच्या प्रयोगशाळांतही झाकण्याची ताकद याच पद्धतीने, अर्धा काळा आणि अर्धा पांढरा कागद रंगवून, दोन्हींवरचा फरक मोजून ठरवतात; माझ्याकडे मोजायला फक्त डोळे आणि खिडकीतला उजेड होता. पहिला भाग अर्थातच हिरवा निघाला. दुसऱ्यात निळा दिसेना, पण पिवळ्यात रोलरच्या रेघा दिसत होत्या. चौथ्यात अगदी पुसट हिरवट छटा होती, शेजारी दुसरा भाग नसता तर कळलीही नसती. तिसरा भाग पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत एकसारखा पिवळा होता.

फिका पिवळा भाऊंनी बनवला होता. एक लिटर पांढऱ्या इमल्शनमध्ये मातकट पिवळ्या स्टेनरची, म्हणजे छटा आणायला मिसळतात त्या दाट रंगाची, अर्धी बाटली त्यांनी थेंबाथेंबाने घातली, काठीने ढवळत, मधून मधून काठी उचलून धार पाहत. शेवटी तयार झाला तो पिठल्यासारखा रंग होता, भिंतीवर मुद्दाम कुणी लावणार नाही असा. पण त्यात दोन्ही गोष्टी होत्या: पांढऱ्यातले टायटॅनियम आणि स्टेनरमधला लोहाचा पिवळा, जो सेंद्रिय पिवळ्यासारखा पारदर्शक नसतो. झाकण्याचे सगळे काम या पिठल्याने करायचे आणि वरच्या चटक पिवळ्याने फक्त शोभा द्यायची, अशी वाटणी होती.

भिंतीची तयारी मात्र कंटाळवाणी झाली आणि ती टाळून चालणार नव्हते. चार हातांत जागोजागी रोलरच्या कडांचे उंचवटे वाळून बसले होते, ते १८० नंबरच्या पेपरने घासून काढले. कोपऱ्यात आणखी एक कटकट होती. शेजारच्या भिंतीतल्या खिडकीला उन्हाळ्यात कूलर लागतो. इथल्या प्रत्येक घरात त्या खिडकीखाली जे होते तेच आमच्याकडेही झाले होते, ओल मुरून पापुद्रे सुटले होते आणि ती ओल कोपरा ओलांडून या भिंतीवर वीतभर आली होती. ते खरवडून पुट्टी भरली. मी लगेच पूर्ण भिंतीवर एकदम प्रायमर द्यायला निघाले, तर भाऊंनी थांबवले. कोरी पुट्टी रंगातला ओलावा आणि बाइंडर शोषून घेते, त्यामुळे तेवढाच ठिगळासारखा भाग मंद, निस्तेज दिसतो, आणि वरून कितीही हात दिले तरी तिरप्या उजेडात तो ओळखू येतो. आधी पुट्टीवर प्रायमर, तो वाळल्यावर पूर्ण भिंतीवर प्रायमर, असा क्रम ठेवला.

प्रायमर वाळल्यावर निळ्याचा एकही माग उरला नाही असे म्हणता येणार नाही. ढगाळ दिवसासारखी सावली होती. पिठल्याच्या एका हाताने ती गेली. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले.

चटक पिवळ्याचे शेवटचे दोन हात मी सकाळी साडेसहाला सुरू करून भिंत तापण्याआधी संपवले. पंखा बंद ठेवला, खिडकीला जुनी चादर लावली. पाणी घातले ते मोजून, डब्यावर लिहिले होते तेवढेच. पूर्वी मी थकले की मध्येच थांबत असे; आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता गेले, म्हणजे प्रत्येक नवा पट्टा आधीच्या ओल्या कडेवर चढत राहिला. कड वाळली आणि त्यावर पुन्हा रोलर गेला की तेवढ्या पट्टीत रंगाचा थर दुप्पट होतो, आणि पिवळा-लाल अशा अर्धपारदर्शक रंगांत तो दुप्पट थर लगेच उठून दिसतो. आधीच्या चार हातांतले निम्मे ठिगळ निळ्यामुळे नव्हते, तर माझ्या चहाच्या सुट्ट्यांमुळे होते. रंग कमी पडेल म्हणून एक लिटरचा आणखी डबा आणला होता. दोन्ही डबे आधी एका बादलीत ओतून एकत्र केले, कारण यंत्राने काढलेला एकच शेडसुद्धा दोन डब्यांत तंतोतंत सारखा येईलच असे नसते, आणि भिंतीच्या मध्यावर डबा बदलला तर तो सांधा दिसतो.

कोनाड्याच्या लालाची वेळ आली तेव्हा मी शहाणी झाले होते असे मला वाटत होते. पांढरा प्रायमर द्यायचा, वर लाल द्यायचा, असे मी सांगितले. भाऊंनी पांढऱ्या प्रायमरमध्ये काळा स्टेनर घालायला सुरुवात केली. देवाच्या कोनाड्याला राखाडी अस्तर पाहून सासूबाईंचा चेहरा उतरला आणि माझाही. पुन्हा पुठ्ठा काढला: अर्धा पांढरा, अर्धा राखाडी, वर लालाचा हात. पांढऱ्यावरचा लाल पहिल्या हाताला डाळिंबाच्या फुटलेल्या दाण्यासारखा गुलाबी, दुसऱ्याला चट्ट्याचट्ट्यांचा, आणि चौथ्या हाताला कुठे जाऊन एकसारखा झाला. राखाडीवरचा लाल पहिल्या हाताला चक्क चिखलासारखा दिसला. दुसऱ्या हाताला तो शेडकार्डावरच्यासारखा झाला.

हे मला थोडा वेळ विचार करूनच समजले. लाल थर थोडासा पारदर्शक असतो. त्याच्याखाली पांढरे असेल, तर थर जिथे पातळ तिथे खालून भरपूर उजेड परत येतो आणि तो भाग उजळ दिसतो. थर जिथे जाड तिथे कमी येतो आणि तो भाग गडद दिसतो. हाताने लावलेला थर सगळीकडे सारखा असणे शक्य नसते, म्हणून चट्टे. खाली त्या लालाइतकाच गडद राखाडी असेल, तर पातळ आणि जाड भागांतला हा फरक डोळ्याला कळण्याइतका उरत नाही. राखाडीला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे तो लालाला दुसऱ्या रंगाकडे ओढतही नाही. किती गडद राखाडी, हे भाऊ डोळे किलकिले करून ठरवतात: शेडकार्डातला लाल आणि राखाडी शेजारी धरायचे, डोळे अर्धवट मिटायचे, दोन्हींतली सीमा अंधूक होईल तो राखाडी घ्यायचा. मी घरात असेल नसेल त्या सगळ्या लाल वस्तूंवर हे करून पाहिले.

पिवळा आणि लाल जिथे भेटतात ती कड राहिली होती. चिकटपट्टी लावून लाल रंगवला आणि पट्टी काढली, तर कोनाड्याच्या तळाशी लाल रंग पट्टीखाली घुसून करवतीच्या दातांसारखा पसरला. ही मात्र भाऊंना न विचारता केलेली चूक. ती पिवळ्याने झाकायची म्हणजे पुन्हा लालावर पिवळा, पुन्हा तेच दुखणे. बारीक ब्रशने आधी पिठल्याचे दोन ठिपके आणि मग पिवळा, असे करत अख्खी दुपार गेली. उरलेल्या तीन कडांना मी पट्टी लावल्यावर आधी पट्टीच्या काठावरून पिवळ्याचाच हात फिरवला. पट्टीखाली जे काही घुसायचे ते पिवळेच घुसले, फट बुजली, आणि वरून दिलेल्या लालाची रेघ सरळ आली.

सासूबाई राहायला आल्या तेव्हा दारातच थांबल्या. त्यांचे माहेर इतवारीतले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतींची, म्हणजे रंगवलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. भिंत वरपासून खालपर्यंत पाहून त्या म्हणाल्या, “अगं, पिवळी मारबतच उभी केली की खोलीत.” मी हे कौतुक समजावे की नाही, हे विचारायच्या आत त्या कोनाड्यात देव मांडायला लागल्या होत्या.

दोन आठवड्यांनी त्यांच्या पलंगाजवळ दिव्याचे बटण हवे म्हणून इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने स्विचबोर्डची पट्टी काढली. पट्टीच्या मागे कडेला, जिथे दर वेळी रोलर थोडा थोडा घुसला होता तिथे, सगळे थर पायऱ्यांसारखे एकाबाहेर एक दिसत होते: मूळचा चुना, मुलाचा निळा, माझा चार हातांचा कैरी-हिरवा, पांढरा प्रायमर, पिठले आणि हळद. मी मोबाइलवर फोटो काढून मुलाला पाठवला. त्याने विचारले, “आई, यातला निळा कुठे आहे?” मला फोटो मोठा करून बाण काढून दाखवावा लागला.